करंट काढून पाहू

आमच्या गाडीचा ब्रेक लावणं हा एक व्यायामच होता. नुसतं पाऊल टेकवून ती कधी थांबली नाही. आधी एकदा दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं आणि मग मांडीपासून जोर काढून पेडल खाली रेटायचं, तेव्हा कुठे ती कुरकुरत उभी राहायची. बाबांना याचंच कौतुक. ही छोटी पांढरी गाडी त्यांनी पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला असताना घेतली होती. तिच्यात पॉवर ब्रेक नव्हता, पॉवर म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि त्यामुळे ती ज्याला येते त्यालाच येते असं ते पाहुण्यांना सांगत. मलाही ती यायची. पण मी चालवली की ब्रेक कधी लावायचा यावरून आमची जुंपायची, म्हणून मी तिच्या वाटेला जात नसे.

मग एका हिवाळ्यात बाबांचा उजवा गुडघा गेला. प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे. शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या शेडच्या, छपराखालून रुळांवर धावणारी, वितळलेल्या पोलादाने भरलेली खोलीएवढी बादली उचलून नेणारी क्रेन. त्या बादलीला तिथे लॅडल म्हणतात. क्रेनची केबिन उंचावर, आणि वर जायला लोखंडी शिडी. शिडी चढून-उतरून गुडघा झिजला असं आईचं मत. बाबांचं मत असं की आईने आयुष्यभर मांडी घालून जेवायला बसवलं, त्याचा हा परिणाम. डॉक्टरांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि पायावर जोर देऊ नका म्हणाले.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच हिवाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं वाचलं, उजवी बाजू वाचली; डावा हात आणि डावा पाय मात्र तिचं ऐकेनासे झाले. प्लांटच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात आठवड्यातून काही दिवस व्यायामाला न्यायचं होतं आणि त्यात खंड पडू द्यायचा नव्हता, नाहीतर पाय आखडून तसाच राहील असं स्पष्ट सांगितलेलं. आई ऑटोत बसायला तयार नव्हती. एका खड्ड्यात ती सीटवरून घसरली होती, तेव्हापासून ऑटोचा आवाज आला तरी ती पदर घट्ट धरायची. माझ्या शेजारी बसायलाही तयार नव्हती. "तुह्यासंगं बसलं का पोटात गोळा येते," म्हणाली. ती बसायची फक्त बाबांच्या शेजारी, पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. थोडक्यात, बाबांनी गाडी चालवली तर आई चालायला शिकणार होती, नाहीतर नाही.

आणि एके दिवशी सुपेल्याच्या चौकात बाबांना गाडी वेळेवर थांबवता आली नाही. फार काही झालं नाही. समोरच्या सायकलच्या मडगार्डला बंपर टेकला, सायकलवाल्याने वळून पाहिलं, पांढरे केस पाहिले आणि शिव्या गिळल्या. बाबांना त्या गिळलेल्या शिव्याच जास्त लागल्या. घरी येऊन त्यांनी किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "ज्याले थांबवता येत नाही, त्यानं चालवाचं नाही." आईने पर्स उचलून कपाटात ठेवून दिली. मला मात्र संताप आला, कोणावर ते कळेना. त्या पेडलवर आला असावा.

मी एका कंत्राटदाराकडे घरांचे नकाशे काढते. भिंतीच्या आत काय चाललंय हे कागदावर मांडायचं काम; त्यामुळे झाकलेली वस्तू दिसली की मला चैन पडत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांच्या गाड्या बोटभर पाय लावला की थांबतात, मग आमचीच का नाही, हा प्रश्न मला इतकी वर्षं पडला नव्हता याचंच नवल. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी स्कूटर सुपेल्याला वळवली.

तिथल्या गाडीच्या मिस्त्रीकडे बाबा वर्षानुवर्षं जात. तोंडात पान आणि त्यामुळे मान सतत वर, आभाळाशी बोलतोय असं वाटावं. मी सांगितलं ते ऐकून तो म्हणाला, "बूस्टर डाल देते हैं, दीदी. मक्खन हो जाएगा." बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा. याच गाडीच्या पुढच्या मॉडेलात तो यायचा, भंगारात गेलेल्या गाड्यांतून चांगला बघून काढायचा, सोबत त्याच्या मापाचा, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर, आणि इंजिनातून एक नळी. बाबांच्या गाडीत त्याच्यासाठी जागा होती, फक्त मधला ब्रॅकेट बनवून घ्यावा लागणार होता. त्याने मला एक बूस्टर दाखवला. काळा गोल डबा, एका कढईवर दुसरी कढई पालथी घालावी तसा.

"याच्या आत काय असतं?" मी विचारलं.

"हवा."

"आणि चालतो कशावर?"

"हवा पे."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने पिंक टाकली, दया येऊन कोपऱ्यातल्या ढिगातून एक मेलेला बूस्टर काढला आणि माझ्या पायाशी ठेवला. "ले जाओ. खोल के देख लो. बस, वापस मत लाना." स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून मी तो वैशाली नगरला घरी आणला. सलवारीला पडलेला तो डाग अजून गेलेला नाही.

बाबा आदल्या दिवसापासून टीव्हीसमोर बसून होते. टीव्ही लागलेला असायचा, ते पाहत नसायचे. मी तो काळा डबा त्यांच्यासमोर मांडला आणि काय ते सांगितलं. ते आधी नुसते बघत बसले, मग चष्मा लावला, मग म्हणाले, "पेचकस आन."

आम्ही अंगणात बसलो. आई व्हरांड्यातल्या खुर्चीवरून सूचना देत होती, फरशीवर तेल सांडलं तर कोण पुसणार वगैरे. डब्याची दोन झाकणं कडेच्या पत्र्याने एकमेकांत मुडपलेली होती. बाबांनी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ती मुडप एकेक करून सरळ केली, शेंगा सोलाव्या इतक्या निवांतपणे. शेवटची सुटली आणि आतून एक भलीमोठी स्प्रिंग उडाली, ती थेट कढीपत्त्याच्या कुंडीत. आई दचकली आणि मग हसली. झटक्यानंतर ती अशी मोठ्याने हसल्याचं मी प्रथमच ऐकलं.

आत एक रबराचा पडदा होता, ताटाएवढा. मध्ये एक दांडा, एक नाजूक व्हॉल्व्ह. इंजिन हवा ओढून घेतं, त्या ओढीने पडदा सरकतो, पडद्याने दांडा सरकतो आणि दांड्याने ब्रेक, एवढं आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. पण बाबांची नजर त्या पडद्यावर नव्हतीच. त्यांनी कुंडीतली स्प्रिंग उचलून आणली, तळहातावर धरली, दाबून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू गर्दीत गावचा माणूस भेटला.

"पाह्य," ते म्हणाले. "स्प्रिंग. आपल्या क्रेनच्या ब्रेकमंदी असतेच."

मग त्यांनी मला क्रेनचा ब्रेक समजावून सांगितला. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. क्रेनच्या ब्रेकमध्ये जाडजूड स्प्रिंग असते आणि ती ब्रेकचे जबडे कायम आवळून धरते. करंट आला की तो स्प्रिंगला मागे रेटतो, जबडे सुटतात आणि क्रेन हलते. करंट गेला की स्प्रिंग पुन्हा आवळते. म्हणजे वीज गेली, तार तुटली, काहीही बिघडलं तरी लॅडल जागच्या जागी लटकून राहते. एकदा भरली लॅडल हवेत असताना अख्ख्या शॉपची वीज गेली. खाली माणसं माना वर करून बघत उभी. लॅडल हलली नाही.

"मंग तुमी का केलं?" मी विचारलं.

"का करतो? डबा खाल्ला." त्यांनी स्प्रिंग पुन्हा दाबली. "ब्रेक असा पाहिजे. पॉवर गेली का त्यानं धरलंच पाहिजे. हे तसंच हाय. म्हनून त याले पॉवर ब्रेक म्हनतेत."

मला हे फार पटलं. मी घरात जाऊन कागद आणला आणि त्या डब्याचा आडवा छेद काढला. पडदा, दांडा, व्हॉल्व्ह, इंजिनची ओढ इकडे, स्प्रिंगचा जोर तिकडे, दोन्हीला बाण. बाबांनी नकाशा हातात धरून, लांब करून पाहिला आणि मान डोलावली. मग किल्ली फ्रिजवरून त्यांच्या खिशात गेली.

बूस्टर बसला त्या दिवशी बाबा सकाळपासून मिस्त्रीच्या दुकानात स्टुलावर बसून होते. मी दुपारी पोचले तेव्हा गाडी जॅकवर होती आणि ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं चाललं होतं. मिस्त्री चाकापाशी आडवा, बाबा सीटवर. "दबाओ, बाबा. पकड़ो. छोड़ो." बाबा हुकमाप्रमाणे दाबत, धरत, सोडत होते. मला गंमत वाटली. घरात त्यांना कोणी एवढ्या आज्ञा केल्या असत्या तर ते जेवले नसते.

सगळं झाल्यावर मिस्त्रीने एक खेळ दाखवला. इंजिन बंद ठेवून पेडल दोन-चारदा मारायचं, ते कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवायचा आणि मग इंजिन सुरू करायचं. बाबांनी केलं. इंजिन गुरगुरलं आणि त्यांच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं. त्यांनी पायाकडे पाहिलं. इंजिन बंद केलं, पुन्हा केलं. पुन्हा खाली. ते इतक्या वेळा करत राहिले की मिस्त्री म्हणाला, पेट्रोल संपेल. मग मला हाक मारून सीटवर बसवलं. मीही करून पाहिलं. आपल्या पावलावर कोणीतरी हलकेच पाऊल ठेवून दाबावं तसं ते होतं. मला गुदगुल्या झाल्या.

"हे दाबते कोन?" बाबांनी विचारलं.

"हवा, बाबा. बाहर की हवा. इंजन अंदर की खींच लेता है, तो बाहर वाली धक्का मारती है."

बाबांनी समोरच्या मोकळ्या जागेत हात फिरवला. सुपेल्याच्या रस्त्यावरची ती हवा, धुळीची, डिझेलची, भज्यांच्या तेलाची. "हेच हवा?" ते म्हणाले. "अन मी इतके वर्स पायानं दाबून राहिलो."

पुढच्या रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्हाला सांगितलं, "दोघीजनी बसा गाडीत." मी कुकर बंद केला, आईला चप्पल घालून दिली. मला वाटलं, ब्रेक झाल्याच्या आनंदात कचोरी खायला नेताहेत. आई पुढे, मी मागे. चौकात सिग्नल लागला तेव्हा बाबांनी नुसतं पाऊल टेकवलं आणि गाडी लोण्यासारखी थांबली. आईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाच्या फोटोतही ती दोघं एवढी खूश दिसत नाहीत.

रेल्वेच्या रुळांवरून पलीकडे जायचा पूल चढलो. वर पोचल्यावर बाबांनी गाडी डावीकडे घेतली, आरशात बघितलं, मागे कोणी नाही याची खात्री केली. उतार सुरू झाला. त्यांनी गिअर काढला आणि हात खाली नेऊन किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

आधी मला कळलंच नाही. फक्त फार शांत वाटलं, टायरांचा आवाज तेवढा. गाडी उताराला लागली होती आणि वेग घेत होती. बाबा स्टिअरिंग धरून वाट बघत होते; कसली, ते मला नंतर कळलं. काही होईना तसं त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी मंदावली. मग त्यांनी जुन्या सवयीने सोडून पुन्हा दाबला. या वेळी कमी मंदावली. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मला मागून त्यांचा खांदा वर गेलेला दिसला. पेडल दगड झालं होतं. पुलाच्या पायथ्याशी एक पपईवाला हातगाडी आडवी लावून पपई रचत होता, पाठ आमच्याकडे करून.

मी "बाबा!" म्हणून ओरडले, दुसरं काही केलं नाही. केलं ते आईने. तिची पर्स मांडीवरून खाली पडली, तिचा उजवा हात दोन सीटच्या मध्ये गेला आणि तिने हँडब्रेक खेचला, विहिरीतून भरली बादली ओढावी तसा, दातओठ खाऊन. गाडीचा मागचा भाग फरफटला, रबराचा वास आला आणि आम्ही तिरके उभे राहिलो. हातगाडीच्या इतके जवळ की पपईवर हात ठेवता आला असता.

"का करथस गा, बबा!" पपईवाला त्याच्या बोलीत ओरडला. मग त्याने आत आईला पाहिलं आणि हातगाडी ओढून बाजूला घेतली.

आईचा हात हँडब्रेकवरच होता.

"अजी," ती म्हणाली, "हे तुमी का करून राहिले?"

"टेस्ट," बाबा म्हणाले.

"कायची?"

"ब्रेकची. करंट काढून पाहाव लागते. धरते का नाही धरत." त्यांनी किल्लीकडे बोट दाखवलं. "लोड टेस्ट."

"लोड? लोड कुठी हाय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे.

"मी लोड?" आई म्हणाली.

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी दार उघडून खाली उतरले. मग राग आला. भर रस्त्यात मी बाबांवर ओरडले. "मारलं असतं तुमी आमाले, बाबा! कावून केलं असं? सांगाचं त होतं!" ते खाली मान घालून ऐकत होते आणि त्यामुळे मला आणखी राग येत होता.

प्लांटमध्ये ब्रेकचं काम झालं की अशीच चाचणी घेत. हे त्यांनी पुलाखाली पानाच्या टपरीमागे गाडी लावून, पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. क्रेनला माल अडकवायचा, उचलायचा, आणि मेन स्विच काढायचा. ब्रेकने धरलं तर क्रेन कामाला घ्यायची, नाही धरलं तर फिटरला परत बोलवायचं. रिकाम्या हुकावर घेतलेली टेस्ट ही टेस्टच नाही, वजन पाहिजेच. कोणत्याही ऑपरेटरला विचार, म्हणाले.

"उचलाचा म्हंजे किती उचलाचा?" मी विचारलं.

"हातभर. जमिनीपासून."

"हातभर, बाबा. पुलावून नाही."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

गाडी मी चालवत मिस्त्रीकडे नेली. आई मागे बसली आणि तिने या वेळी पोटातल्या गोळ्याचा विषय काढला नाही. मिस्त्रीने सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्याची मान खाली आली. "चलती गाड़ी में इंजन बंद कौन करता है, बाबा?" हे कोणाला सांगावं लागेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग त्याने समजावलं. इंजिन बंद झालं की डब्यातली ओढ एक-दोन दाबांपुरती उरते. एकदाच दाबून धरून ठेवलं असतं तर गाडी थांबली असती. बाबांनी सोडून पुन्हा दाबलं, सोडून पुन्हा दाबलं, आणि उरलंसुरलं संपवून टाकलं. त्यानंतर ब्रेक असतोच, पण सगळा आपल्या पायाचा, आणि पूर्वीपेक्षाही जड. स्प्रिंग? ती तर पडद्याला मागे ढकलायला असते, पाय काढला की ब्रेक सुटावा म्हणून.

म्हणजे स्प्रिंग ब्रेक लावत नव्हती, सोडत होती. माझ्या नकाशातला बाण बरोबर होता, स्प्रिंगचा जोर तिकडेच होता. ते "तिकडे" म्हणजे कुठे, हे आम्ही दोघांनी आमच्या सोयीने ठरवलं होतं.

किल्ली पुन्हा फ्रिजवर गेली. या वेळी बाबांनी ती पार मागे ढकलली, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. आईच्या व्यायामाचा एक दिवस बुडला, मग दुसरा. मी रजा काढून नेते म्हटलं तर आई उद्या बघू म्हणे. तिचा डावा पाय फरशीवर पुन्हा घासायला लागला. तो आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत ऐकू यायचा आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मी त्यांना समजवायला बसले. ब्रेक चांगला आहे, बूस्टर चांगला आहे, आता कसं दाबायचं तेही कळलंय, मग अडलं कुठे?

"पाय गेला त तू बूस्टर लावला," ते म्हणाले. "आता डोस्कं गेलं. त्याले का लावतेस?"

"डोस्कं कायचं गेलं? चूक झाली."

"चूक नाही. तिथं गाडी उतारावून जाऊन राहिली होती, अन मी हात धरून बसलो होतो. का आता धरन, आता धरन. बंद पडलं का आपोआप थांबते, हे माह्या हाडात बसलं हाय. असं हाड घेऊन मी तिले शेजारी बसवू?"

मला त्यांची दया आली, आणि त्यांना ती दिसू नये म्हणून मी चहा करायला उठले.

पुढच्या व्यायामाच्या दिवशी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला. लांब, हट्टी, थांबेना. मी बाहेर धावले. आई गाडीत बसलेली होती, पुढे, तिच्या जागेवर. दार आम्ही उघडून द्यायचो, पाय आम्ही उचलून आत ठेवायचो. आज ती काठी घेऊन पायऱ्या उतरली होती, दार उघडलं होतं आणि डावा पाय हाताने उचलून आत घेतला होता. साडीची एक बाजू दारात अडकली होती. उजवा हात लांब करून ती हॉर्नवर रेलली होती.

बाबा बनियनवर बाहेर आले. "का झालं?"

"चाला."

"मी नाही चालवत. सांगतलं न."

"मंग शिका. मी बसली हाय."

"या वयात का शिकू आता?"

आईने हॉर्नवरचा हात काढला. "मी चालाले शिकून राहिली न या वयात," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा दोनच वर्सानं लहान हाओ."

बाबा आत जाऊन शर्ट घालून आले.

आम्ही सेक्टर 2 कडच्या मोठ्या मैदानावर गेलो. तिथवर मी चालवली. मैदान रिकामं होतं, एका कडेला म्हशी. तिथे बाबांनी माझ्या जागी बसून अगदी चालण्याच्या वेगाने गाडी घेतली आणि इंजिन बंद करून एकदाच दाबून धरलं. गाडी थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. किल्लीला हात लावायच्या आधी ते पुटपुटत होते, "धरत नाही. आपूनच धराचं. धरत नाही. आपूनच धराचं." मी मागे बसून ऐकत होते. मला वाटलं झालं आता, जाऊ या. पण त्यांना ते पुरे वाटलं नाही.

"हे डब्यातल्या हवेनं थांबली," ते म्हणाले. "हवा काढून टाकतो. मंग पाहू."

मी उतरले. आईलाही उतरवू लागले तर ती म्हणाली, "कावून? मी लोड हाओ न?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हँडब्रेकले हात नको लावू." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, डावा उचलून उजव्याने ठेवला.

त्यांनी गाडी थोडी पळवली, इंजिन बंद केलं आणि पेडल दोन-तीनदा मारून सगळी ओढ संपवली. मला बाहेरून त्यांचा चेहरा दिसत होता. मग त्यांनी पाठ सीटला टेकवली आणि उजवा पाय रोवला. त्यांचं तोंड उघडलं, आवाज माझ्यापर्यंत आला नाही. गाडी मातीत जड होत होत, हळूहळू, म्हशींच्या बरंच अलीकडे उभी राहिली.

मी धावत गेले. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

"दुखलं?" आईने विचारलं.

"लय दुखलं," ते म्हणाले. "पन थांबली."

आईने खिडकीतून दवाखान्याच्या दिशेने पाहिलं. "मंग चाला न आता," ती म्हणाली. "उशीर होऊन राहिला."